काळी वर येते, खडक खाली जातो: उपग्रहांच्या मदतीनं खान्देशची जमीन मोजायची रीत

माझा पहिला खांब मी जळगावजवळच्या आमच्या शेतात, विहिरीपासून चार पावलांवर उभा केला. तीन फूट खड्डा, काँक्रीट, वर जीपीएसची अँटेना. मिस्तरी खड्ड्यात डोकावून म्हणाला होता, "भाऊ, काळीत खांब उभा राहत नाही, झुलतो." मी हसून सोडून दिलं. पेरणीचा पाऊस झाला आणि उंचीचा आलेख चढायला लागला. पोळा गेला तरी चढतच होता. दसऱ्याला खांब चांगला बोटभर वर आलेला. मी वाचलं होतं त्याप्रमाणे पावसाळ्यात जमीन पाण्याच्या भारानं खाली दबायला हवी होती. महिनाभर मी सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसलो. चूक तिथे नव्हतीच. अँटेना काळ्या मातीवर उभी होती, काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि मी इमानेइतबारे तिचं फुगणं मोजत होतो.

ऋतूंबरोबर जमीन किती वर-खाली होते ते उपग्रहांच्या सिग्नलवरून मोजायची, त्यानंतर शिकलेली रीत इथे लिहितो. सर्व्हेचं शिक्षण घेणारे, भूगोल किंवा सिव्हिल शिकवणारे आणि चिकाटीचे हौशी लोक यांच्यासाठी. मोबाइलमधल्या जीपीएसनं हे होईल का, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. नाही होणार. मोबाइल तुम्हाला काही मीटरांपर्यंत जागा सांगतो, आपल्याला मिलिमीटर हवे आहेत.

आधी कळू द्या, काय काय हलतं

एकाच खांबाखाली निदान पाच हालचाली एकदम चालू असतात. त्या आधी ओळखल्या नाहीत तर आलेख हातात आल्यावर गोंधळ उडतो.

पहिली हालचाल ऋतूंची नाहीच. अख्खं भारतीय भूपट्ट जागतिक संदर्भचौकटीत (अख्ख्या पृथ्वीला धरून आखलेल्या मोजमापाच्या चौकटीत) वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतं. म्हणजे रोज ०.१४ मिलिमीटर. तुमच्या आलेखात ती उत्तर आणि पूर्व या दोन्ही दिशांना सरळ चढत्या रेषेसारखी दिसेल. घाबरू नका, ती आधी वजा करायची असते.

दुसरी पाण्याच्या भाराची. पावसाळ्यात माती, खडकातल्या भेगा, धरणं, नद्या या सगळ्यांत पाणी साठतं, त्याच्या वजनानं खालचा खडक लवचिक गादीसारखा दबतो आणि उन्हाळ्यात परत वर येतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मनौसजवळ ही वार्षिक चढउतार पाच ते साडेसात सेंटिमीटरची मोजली गेली आहे. आपल्याकडे मिलिमीटरांतच बोलायचं. कागदावर अंदाज काढायचा तर शंभर किलोमीटर त्रिज्येच्या गोल प्रदेशावर सरासरी अर्धा मीटर पाणी पसरलं असं धरा. खडकाचा लवचिकता गुणांक शंभर गिगापास्कल घेतला तर मध्यभागी जमीन नऊएक मिलिमीटर दबते. गणित ढोबळ आहे, पण कोणत्या आकड्यांची वाट बघायची ते त्यातून कळतं.

इथे सगळ्यांची एक समजूत असते, माझीही होती, की तापीवरचं हतनूर धरण भरलं की भुसावळ दबणार. करून बघा. पाव अब्ज घनमीटर पाणी, दहा किलोमीटर अंतर, तर दबणं एक मिलिमीटरही भरत नाही. उकाईची गोष्ट वेगळी. धरण गुजरातेत, पण फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरलेला, आणि क्षमता सात अब्ज घनमीटरांच्या वर. वर्षभरात पाच अब्जांचा फरक पडला असं धरलं तर तीस किलोमीटरवरचा खडक सुमारे पाच मिलिमीटर खाली जातो, शिवाय थोडासा जलाशयाच्या दिशेनं सरकतो. म्हणून नवापूर-नंदुरबारकडे खांब लावणाऱ्यानं उकाईची पातळी रोज टिपून ठेवायचीच. जळगाव-धुळ्याला मात्र एखाद्या धरणापेक्षा सबंध पश्चिम-मध्य भारतावर साठलेलं पाणी जास्त जाणवतं, अगदी कोकणातलं आणि नर्मदेच्या खोऱ्यातलंसुद्धा.

तिसरी हालचाल हवेच्या दाबाची. जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब १०१५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, जुलैत हजाराजवळ उतरतो. हवेचं ओझं कमी झालं की जमीन काही मिलिमीटर वर येते. बघा गंमत: नेमकी पावसाळ्यात, म्हणजे पाण्याच्या उलट दिशेनं.

चौथी भूजलाची. यावल, रावेर, चोपडा पट्ट्यात तापीच्या गाळाचे जाड थर आहेत आणि त्यावर केळी. उपसा झाला की गाळातल्या वाळू-चिकणमातीचे कण जवळ येतात, थर किंचित बसतो. पुनर्भरण झालं की थोडा फुलतो. म्हणजे गाळातली जमीन उन्हाळ्यात खाली आणि पावसाळ्यानंतर वर. खडकाच्या बरोबर उलट.

पाचवी माझी जुनी ओळखीची, काळ्या मातीची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात त्या बुजतात आणि पृष्ठभाग उचलला जातो. हा प्रकार सेंटिमीटरांत चालतो, ऋतूंचे बाकी सगळे मिलिमीटरांत. त्यामुळे तो एकदा आत शिरला की बाकीचं काहीही दिसत नाही.

जागा आणि खांब: निम्म्याहून जास्त काम इथेच

रिसीव्हर कोणता घ्यावा यावर लोक महिना घालवतात आणि खांब एका दुपारी उभा करतात. उलट करा.

खडकाचा भार मोजायचा असेल तर खडकावर जा. खान्देशात त्याची वानवा नाही. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, चाळीसगावकडचे डोंगर, धुळ्याजवळ लळिंगचा परिसर. धुळे-नंदुरबार भागात तर पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. जुन्या बेसाल्टच्या भेगांत नंतर लाव्हा घुसून थिजला, त्या या भिंती; भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. त्यातला ताजा, न झिजलेला भाग मिळाला तर सोनं. हातोडा मारून पाहा: खणखणीत वाजला पाहिजे. भदभद आवाज आला तर वरचा दगड सुटा आहे किंवा खाली मुरूम आहे. सातपुड्यात जागा राखीव वनात येत असेल तर वन विभागाची परवानगी आधी, खड्डा नंतर.

खडक सापडला की वरचा कुजलेला थर काढून टाका. अर्धा मीटर खोल तीन-चार छिद्रं पाडा, फुंकून धूळ काढा, त्यात सळ्या रासायनिक ग्राउटनं बसवा. त्या सळ्यांभोवती फूट-सव्वा फूट जाडीचा, मीटर-सव्वा मीटर उंचीचा काँक्रीटचा खांब भरा. वरच्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा पाच-अष्टमांश इंची आट्याचा बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच ओळंब्यात धरून बसवायचा, कारण अँटेना दरवेळी त्याच जागी, त्याच उंचीला बसली पाहिजे. चौदा दिवस तरी पाणी मारा. मग चुना किंवा पांढरा रंग द्या. नवं काँक्रीट आकसतं, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांची मोजणी मी हिशेबात धरत नाही.

गाळाच्या पट्ट्यात खडक हाताला लागायचा नाही. तिथे निदान काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याच्या थराखाली जा. यासाठी आपल्याकडे चांगली देशी युक्ती आहे: तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेला अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीतल्या घरांसाठी तो विकसित केला. किमान साडेतीन मीटर खोली धरतात, कारण त्याखाली ओल वर्षभर फारशी बदलत नाही. वरच्या दोन-अडीच मीटरांत पाइलभोवती मोठ्या व्यासाचा पीव्हीसी पाइप बाही म्हणून घाला आणि मधली फट रिकामी ठेवा. मग माती फुगली तरी ती बाहीला धरून वर सरकते, खांबाला धरत नाही. माझ्या पहिल्या खांबाला ही बाही असती आणि तो दोन माणसं खोल असता, तर माझा एक पावसाळा वाचला असता.

गच्चीचं काय? घर खडकावर पाया असलेलं, आरसीसी, जुनं असेल तर चालेल, पण किंमत माहीत असू द्या. काँक्रीट एका अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०११ मिलिमीटर वाढतं. सात मीटर उंच घर, हिवाळा-उन्हाळ्यात वीस अंशांचा फरक, म्हणजे दीड मिलिमीटर. आकडा लहान वाटतो. पण घर सगळ्यात उंच होतं मे महिन्यात, आणि खडकही सगळ्यात वर असतो तेव्हाच. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि तुम्ही घराचं तापणं पाण्याच्या नावावर मांडता. खांबाजवळ साधा तापमान-नोंदक बांधा, पुढे वजा करता येतं. पत्र्याच्या शेडवर, पाण्याच्या टाकीवर किंवा लोखंडी मोबाइल टॉवरवर अँटेना लावायची असेल तर हा लेख इथेच सोडा.

आकाश मोकळं हवं. साधा नियम: अँटेनापेक्षा जेवढं उंच झाड, त्याच्या सहापट अंतर. म्हणजे ते दहा अंशांच्या खाली राहतं. सहा मीटर उंच लिंब असेल तर छत्तीस मीटर लांब. झाडांचा खरा त्रास त्यांच्या ऋतूंचा आहे. पानं फुटतात, ओली होतात, गळतात, आणि त्यांच्यावरून आपटून येणारे सिग्नल वर्षाच्या तालावर बदलतात. आलेखात सुंदर वार्षिक लाट दिसते, ती लिंबाची असते. केळीच्या बागेत तर खांब लावूच नका: लागवडीला गुडघ्याएवढी असते आणि वर्षभरात डोक्यावरून जाते.

यंत्र, वीज आणि खारी

रिसीव्हर दुहेरी वारंवारतेचा घ्या, यात तडजोड नको. जीपीएस १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा वारंवारतांवर बोलतो. दोन्हींची तुलना करूनच आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, सिग्नलला झालेला उशीर काढून टाकता येतो. आपल्याला तो जास्तच छळतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबराचे दाट पट्टे असतात, उत्तरेकडचा पट्टा गुजरात-मध्य प्रदेशावरून जातो आणि खान्देश त्याच्या काठावर आहे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर सिग्नल लुकलुकतो, तुटतो. सौरचक्राच्या शिखराच्या वर्षांत तर फार.

कॉलेजकडे भूगणितीय दर्जाचा रिसीव्हर असेल तर उत्तम. नसेल तर यू-ब्लॉक्सच्या झेडईडी-एफ९पीसारखं मॉड्यूल सर्व्हेच्या रिसीव्हरच्या किमतीच्या लहानशा हिश्शात मिळतं आणि कामाचं आहे. वाचलेले पैसे अँटेनावर घाला. अँटेनाचा विद्युत-केंद्रबिंदू उपग्रहाच्या कोनानुसार मिलिमीटरांनी हलतो. त्याची दुरुस्ती आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या (जीएनएसएस म्हणजे जीपीएस आणि तिच्यासारख्या सगळ्या उपग्रहप्रणाली) अंशांकन फाइलमध्ये असते, आणि तुमची अँटेना त्या यादीत हवी. यादीत नसलेली चपटी चुंबकवाली अँटेना मी वर्षभर वापरली. ते वर्ष वाया गेलं, एवढंच सांगतो.

विजेचा हिशेब करून घ्या. रिसीव्हर आणि नोंदी साठवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक मिळून चार वॉट धरले तर दिवसाला ९६ वॉट-तास. चाळीस वॉटचं पॅनेल उन्हाळ्यात साडेचार तासांच्या भर उन्हाएवढं, म्हणजे १८० देतं. सुखात चालतं. श्रावणात तेच पॅनेल दीड-दोन तासांवर येतं, साठ ते ऐंशी. म्हणजे तूट, आणि तीही नेमकी ज्या महिन्यांची मोजणी सगळ्यात मोलाची त्या महिन्यांत. शंभर वॉटचं पॅनेल आणि ४२ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. शिसं-आम्ल बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तरी अडीच दिवसांची सोय होते. मे महिन्यात पॅनेलवरची धूळ आठवड्याला पुसावी लागते.

मे-जूनच्या वादळात केळी आडव्या होतात तशी तुमची पेटीही उडू शकते, आणि विजा तर आहेतच. केबलवर लाट-रोधक आणि खांबापासून दूर नीट अर्थिंग. केबल लोखंडी नळीतूनच न्या. माझी पहिली केबल खारीनं कुरतडली, दुसरी उंदरानं. अँटेनावर कावळा बसतो, बसू द्या. त्याला हाकलायला खिळे-तारा लावल्या तर सिग्नल बिघडतो.

नोंद

तीस सेकंदांना एक नोंद, चोवीस तास, सगळे उपग्रहसमूह चालू. यू-ब्लॉक्स असेल तर आरएक्सएम-रॉएक्स आणि आरएक्सएम-एसएफआरबीएक्स हे दोन संदेश फाइलमध्ये उतरले पाहिजेत. दिवसाला पाच-दहा एमबी होतात. आपला 'दिवस' मात्र ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे इथे पहाटे साडेपाचला बदलतो. फाइल रात्री बाराला तोडलीत तर पुढे प्रत्येक दिवसाचे दोन तुकडे जोडत बसाल.

शिवाय एक वही. अँटेना कधी हलवली, फर्मवेअर कधी बदललं, शेजारी बोअर कधी घेतली, झाड कधी तोडलं: तारीख आणि वेळ. दोन वर्षांनी आलेखात सात मिलिमीटरची पायरी दिसते तेव्हा ही वहीच तोंड उघडते.

कायमचा रिसीव्हर परवडत नसेल तर वर्षातून चार फेऱ्या करा, प्रत्येक वेळी सलग तीन-चार दिवस, तोच खांब, तीच अँटेना. महिने जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुलनेला पाणीपातळी आयती मिळते.

कच्च्या नोंदींतून रोजची एक जागा

आधी आरटीकेलिब या मोफत सॉफ्टवेअरमधल्या कन्व्हबिननं फाइल रायनेक्समध्ये बदला. रायनेक्स हा सगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरांना समजणारा सामाईक साचा आहे, १९८९ मध्ये बर्न विद्यापीठात तयार झालेला. त्याच्या शीर्षकात दोन गोष्टी हातानं तपासा: अँटेनाचं नेमकं नाव, आणि बोल्टच्या माथ्यापासून अँटेनाच्या तळापर्यंतची उभी उंची. टेपनं तिरकी मोजून टाकलेली उंची हे सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं आहे.

मग ही फाइल कॅनडा सरकारच्या सीएसआरएस-पीपीपी या ऑनलाइन सेवेवर चढवा, ती नोंदींतून नेमकी जागा काढून देते. मोफत आहे, ईमेलनं नोंदणी करावी लागते. 'स्टॅटिक' (अँटेना एकाच जागी) आणि 'आयटीआरएफ' (वर सांगितलेली जागतिक संदर्भचौकट) निवडा. घाई करू नका: उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळांची अंतिम, सर्वांत अचूक आकडेवारी दोनेक आठवड्यांनी येते. मी महिन्याच्या फाइली पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला एकत्र पाठवतो. स्वतः गणित करायचं असेल तर वूहान विद्यापीठाचं प्राइड पीपीपी-एआर मोकळं मिळतं. एमआयटीचं गॅमिट किंवा बर्नचं बर्नीज शिकायला वर्ष लागतं, पीएचडी करणार असाल तर जरूर.

भरतीओहोटीची दुरुस्ती विसरू नका. चंद्र-सूर्याच्या ओढीनं घन पृथ्वीही दिवसातून दोनदा तीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत वर-खाली होते, ते सॉफ्टवेअर स्वतः काढतं. पण समुद्राच्या भरतीचं वजन किनाऱ्याला दाबतं त्याची दुरुस्ती वेगळी द्यावी लागते. खंबातच्या आखातातली भरती देशातली सगळ्यात मोठी आणि आपण तिच्यापासून दोन-तीनशे किलोमीटरवर. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाची सेवा तुमच्या अक्षांश-रेखांशासाठी ही फाइल मोफत बनवून देते. ती सोबत चढवा. नाही दिलीत तर काय होतं? चोवीस तासांच्या मोजणीत बारा आणि चोवीस तासांच्या भरत्या उरतात आणि सहामाही-वार्षिक लाटेचं सोंग घेतात.

हवेतल्या बाष्पाचंही तसंच. जानेवारीत बाष्पामुळे सिग्नलला डोक्यावरच्या दिशेत दहाएक सेंटिमीटरचा उशीर होतो, जुलै-ऑगस्टमध्ये चाळिशीजवळ. त्याच्या अंदाजात चूक झाली तर ती उंचीत साधारण तिप्पट होऊन उतरते. म्हणून सात ते दहा अंशांखालचे उपग्रह गाळा आणि व्हिएन्नाचं व्हीएमएफ३ प्रतिमान (तिरक्या कोनात हवेतला उशीर किती वाढतो ते सांगणारं) मिळत असेल तर तेच वापरा.

निकालात उंची नकाशापेक्षा साठेक मीटरनं कमी दिसेल. चूक नाही, ती लंबवर्तुळाकृती पृथ्वीपासूनची उंची आहे, समुद्रसपाटीपासूनची नाही. आपल्याला फरकच हवा आहे, तेव्हा तशीच राहू द्या.

एक्सेलमध्ये, ओळीनं

खान्देशच्या अक्षांशावर अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे ३०.७५ मीटर, रेखांशाचा २८.९ मीटर. तेव्हा सेकंदाचं चौथं दशांश स्थळ म्हणजे तीन मिलिमीटर. एक्सेलनं ते खाऊन टाकलं तर उत्तर-पूर्वेचा आलेख जिन्यासारखा दिसतो. पाचवं स्थळसुद्धा जपा. पहिल्या दिवसाची जागा शून्य धरून तीन रकाने करा: उत्तर, पूर्व, उंची, मिलिमीटरमध्ये. बाजूला तारखेचा दशांश वर्षात रकाना.

पहिला आलेख काढा आणि नुसता बघा. चांगल्या यंत्रणेत रोजची आडवी जागा दोन-तीन मिलिमीटर आणि उंची सहा-आठ मिलिमीटर इकडेतिकडे उडते. तेव्हा पाच मिलिमीटरची लाट डोळ्यांना लगेच दिसणार नाही. पंधरा दिवसांची मध्यका काढून पाहा. सुटे उडालेले दिवस काढा, पण दर काढलेल्या दिवसाचं कारण वहीत लिहा. वहीतल्या तारखांना पायऱ्या आहेत का तपासा.

मग उंचीला हे सूत्र बसवा: उंची = स्थिरांक + वेग × काळ + क × साइन(२π × काळ) + ख × कोसाइन(२π × काळ), आणि हवं तर सहामाहीसाठी अशीच आणखी एक जोडी. एक्सेलचं लाइनेस्ट हे फंक्शन पुरेसं आहे. समजण्यासाठी एक बनवलेलं उदाहरण: क आला +५.०, ख आला −१.५ मिलिमीटर. लाटेची उंची म्हणजे दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ५.२ मिलिमीटर, म्हणजे वरून खालपर्यंत साडेदहाच्या जवळ. शिखराचा कोन १०६.७ अंश. त्याला ३६० नं भागून ३६५.२५ नं गुणलं की १०८ वा दिवस, १८ एप्रिल. तळ त्यानंतर सहा महिन्यांनी, १८ ऑक्टोबरला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे जमीन सगळ्यात वर आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये सगळ्यात खाली, हा खडकावरच्या खांबाचा ताल असायला हवा. शिखर ऑक्टोबरात येत असेल तर तुमच्या खांबाखाली गाळ किंवा काळी आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

(कोन काढताना एक्सेलचं एटॅन२ वापरा आणि त्यात आधी ख, मग क द्या. उलटं दिलं की शिखर भलत्याच महिन्यात पडतं. हे मी तीनदा केलं आहे.)

अडीच वर्षांपेक्षा कमी नोंदी असतील तर वेग आणि लाट एकमेकांत अडकतात, वेगाचा आकडा कुणाला सांगू नका. लाइनेस्ट देतं ती चूक-मर्यादाही फसवी असते, कारण ती रोजची नोंद स्वतंत्र धरते. प्रत्यक्षात आजची चूक उद्याही थोडी उरते. मी ती मर्यादा तिप्पट करून लिहितो. ज्यांना नीट करायचं त्यांनी हेक्टर नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. आणखी एक खोच: जीपीएसच्या कक्षांचा स्वतःचा एक 'वर्ष'काळ ३५१ दिवसांचा आहे आणि त्याच्या चुका त्याच तालात येतात. ३६५ आणि ३५१ वेगळे करायला दोन-चार वर्षं पुरत नाहीत. म्हणून एखाद-दुसऱ्या मिलिमीटरवर फार मोठे इमले बांधू नयेत.

दोन खांब असतील तर

खरी मजा इथे आहे. एक खांब सातपुड्याच्या पायथ्याच्या खडकावर, दुसरा वीस-पंचवीस किलोमीटरवर रावेर-यावलच्या गाळात. दोन्हीकडची अँटेना एकाच जातीची. भूपट्टाचं सरकणं, हवेचा दाब, दूरवरच्या पाण्याचा भार, उपग्रहांच्या चुका, हे सगळं दोघांना जवळपास सारखंच लागतं. दोन उंचींची वजाबाकी केली की ते निघून जातं आणि उरतो गाळाचा स्वतःचा व्यवहार. शेजारच्या विहिरीची पातळी त्याच कागदावर काढा. विहीर उतरते तशी वजाबाकी उतरली आणि पावसाळ्यानंतर दोन्ही वर आल्या, तर तुम्ही जलधर थराचं बसणं-फुलणं पकडलं आहे. दरवर्षी मे महिन्यातला तळ आधीच्या मेपेक्षा खाली जात असेल, तर थराचा काही भाग कायमचा बसतो आहे. ती बातमी भूजलवाल्यांपर्यंत पोचवा.

एकट्या खडकावरच्या खांबासाठी तुलना वेगळी. जर्मनीचं जीएफझेड केंद्र तुमच्या जागेसाठी हवेच्या दाबाचा आणि जमिनीवरच्या पाण्याचा भार किती मिलिमीटर हालचाल करेल याचं गणित मोफत देतं. आधी हवेचा भाग तुमच्या उंचीतून वजा करा, मग उरलेली लाट पाण्याच्या गणिताशेजारी ठेवा. ताल जुळला आणि आकार जुळला नाही, तर स्थानिक पाऊस बघा. महावेध या राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्याची मंडळनिहाय आकडेवारी त्यासाठी बरी. जळगावला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण एखाद्या वर्षी निम्म्यावर येतो, आणि अशा वर्षी लाटही खुजी होते का ते पाहण्यासारखं असतं. ताल जुळला नाही तर पुन्हा खांबाकडे जा, हातोडा घेऊन.

माझा शेतातला पहिला खांब अजून तिथेच आहे. गेल्या वर्षी त्याच्यापासून दोन मीटरवर बाही घातलेला खोल पाइल घेतला, मिस्तरी तोच. आता दोन्हींवर अँटेना आहेत आणि मी फक्त वजाबाकी काढतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर जुना खांब किती दिवसांनी उठायला लागतो आणि गहू काढणीला येईपर्यंत किती खाली बसतो, ते सेंटिमीटरांत आपोआप मिळतं. मिस्तरी परवा येऊन आलेख बघून गेला. म्हणाला, "आता झुलतो तो मोजायला ठेवला का?"